मधल्या रिकाम्या जागेतला आवाज : स्टिरिओच्या बेरीज-वजाबाकीचा इतिहास

१/
दोन स्पीकरांच्या समोर, मधोमध बसून एखादे स्टिरिओ गाणे डोळे मिटून ऐकले, तर गायिकेचा आवाज बहुधा बरोबर मध्यभागातून येतो. डोळे उघडल्यावर तिथे भिंत असते, खिडकी असते, फार तर एखादे टेबल असते, स्पीकर नसतो. जिथे ध्वनीचा उगम नाही तिथून ध्वनी ऐकू येण्याच्या या भासामागे एक नेमके गणित आहे. ते १९३१ साली लंडनजवळच्या हेज येथे २८ वर्षांच्या एका इंजिनिअराने मांडले. ते घरोघरी पोहोचायला पाव शतक लागले. तोवर तो इंजिनिअर हयात नव्हता. हा धागा त्या गणिताचा आणि त्याच्या प्रवासाचा.

२/
आरंभ पॅरिसमध्ये होतो. १८८१ साली तिथे आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने पॅरिस ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे ध्वनिग्राहक जोड्यांनी मांडले आणि तिथून प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत तारा नेल्या. श्रोत्याने एक रिसीव्हर डाव्या कानाला लावायचा, दुसरा उजव्या. तसे केल्यावर गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालत गेल्याचे नुसत्या आवाजावरून कळू लागले. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती.

३/
आदेरच्या रचनेत एक सोय आपोआप साधली होती. डाव्या तारेतला आवाज फक्त डाव्या कानात जाई आणि उजव्या तारेतला फक्त उजव्या. आजचे हेडफोन हेच करतात. परंतु खोलीत स्पीकर ठेवला की ही सोय संपते. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात जातो, तसाच डोक्याला वळसा घालून उजव्या कानातही जातो. उजव्या स्पीकरचेही तेच. दोन वाहिन्या, दोन कान, परंतु वाटा मात्र चार. या दोन आगंतुक वाटांचे काय करायचे, हाच स्टिरिओच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

४/
तो समजण्यासाठी आधी कान दिशा कशी ओळखतात, हे पाहावे लागते. १९०७ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी याचे दुहेरी स्पष्टीकरण दिले. उंच पट्टीच्या ध्वनीच्या लहरी आखूड असतात. डोके त्यांना अडवते आणि पलीकडच्या कानावर जणू सावली पडते. त्या कानाला आवाज कमी ऐकू येतो. खालच्या पट्टीच्या लहरी लांब असतात. त्या डोक्याला सहज वळसा घालतात, त्यामुळे दोन्ही कानांत आवाज जवळपास सारखाच मोठा असतो. तिथे मेंदू दुसरी खूण धरतो : लहर कोणत्या कानात आधी पोहोचली.

५/
हा वेळेतला फरक किती सूक्ष्म असतो? ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आवाज अगदी एका बाजूने आला, तर दूरच्या कानापर्यंत त्याला साधारण २० ते २२ सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. म्हणजे फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, सुमारे ०.६५ मिलिसेकंद. आवाज समोरच्या बाजूला सरकत गेला की हा फरक आणखी घटतो आणि बरोबर समोर तो शून्य होतो. एवढ्याशा फरकावर माणूस अंधारातही हाक कुठून आली ते सांगतो.

६/
आता वरवर सोपी वाटणारी युक्ती पाहू. दोन कानांइतक्या अंतरावर दोन मायक्रोफोन ठेवावेत, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र स्पीकरला द्यावा, म्हणजे श्रोत्याला मूळ जागी बसल्यासारखे वाटेल. हेडफोनवर हे जमते. स्पीकरांवर जमत नाही. खालच्या पट्टीत दोन्ही मायक्रोफोनांचे संकेत सारख्याच ताकदीचे असतात. फरक फक्त वेळेचा असतो. दोन्ही स्पीकरांच्या लहरी दोन्ही कानांत मिसळल्या की हा वेळेचा फरक पुसला जातो. मेंदूला ज्या खुणेची गरज असते, नेमकी तीच वाटेत हरवते.

७/
ही अडचण ओळखून तिच्यावर उपाय शोधणारा माणूस म्हणजे अ‍ॅलन डॉवर ब्लमलाइन. जन्म लंडनमध्ये, २९ जून १९०३. वडील जर्मनीत जन्मलेले. शिक्षण लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात. सुरुवातीची नोकरी टेलिफोनच्या तारांशी संबंधित होती; एका तारेतला आवाज शेजारच्या तारेत कसा झिरपतो आणि तो कसा थोपवायचा, हा त्या कामाचा भाग होता. १९२९ साली ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाले. तिथे त्यांनी तबकडीवर ध्वनी कोरणारे नवे यंत्र तयार केले. त्यामुळे कंपनीला अमेरिकी पेटंटधारकांना मानधन देण्याची गरज उरली नाही.

८/
१९३१ साली कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही संस्था उभी राहिली. यातल्या ग्रामोफोन कंपनीची ओळख मराठी घरांनाही होती : कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या तिच्याच. ईएमआयची संशोधनशाळा हेज येथे होती आणि तिथल्या संशोधनाची सूत्रे आयझॅक शोनबर्ग यांच्याकडे होती. ब्लमलाइन यांना या नव्या संस्थेत जवळपास हवे ते करण्याची मोकळीक मिळाली.

९/
पुढे पत्नी झालेल्या डोरीन यांच्यासोबत ते एकदा बोलपट पाहायला गेले होते, अशी हकिकत सांगितली जाते. पडद्यावरचा नट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई. आवाज मात्र एकाच जागेवरून येत राही. ही विसंगती ब्लमलाइन यांना खटकली आणि आवाजाला नटाच्या मागे चालायला लावण्याचा मार्ग आपल्याकडे असल्याचे त्यांनी डोरीन यांना सांगितले. बोलपट तेव्हा नवेच होते. प्रेक्षक आवाज ऐकू येतो एवढ्यावरच खूश होते.

१०/
१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १४ जून १९३३ रोजी तो मान्य झाला : ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात ७० दावे आहेत. ध्वनी कसा टिपायचा, विद्युत परिपथातून त्याच्यावर कोणती प्रक्रिया करायची, तबकडीच्या एकाच खाचेत दोन वाहिन्या कशा कोरायच्या आणि शेवटी दोन स्पीकरांतून तो कसा ऐकवायचा, ही सगळी साखळी एकाच दस्तऐवजात आली आहे. ‘स्टिरिओ’ हा शब्द मात्र त्यात नाही. ब्लमलाइन त्याला ‘बायनॉरल’, म्हणजे द्विकर्णी, ध्वनी म्हणत.

११/
या पेटंटाचा गाभा एका उलट्या विचारात आहे. दोन्ही स्पीकरांचा आवाज दोन्ही कानांत जाणारच, हे ब्लमलाइन यांनी गृहीतच धरले आणि त्या मिसळण्याचाच उपयोग करून घेतला. समजा, दोन्ही स्पीकरांतून एकच खालचा सूर एकाच क्षणी निघतो आहे. फरक एवढाच की डावा मोठा आहे आणि उजवा लहान. वेळेचा फरक कुठेच दिलेला नाही. तरीही कानांपाशी वेळेचा फरक तयार होतो. हे कसे घडते, ते पुढच्या उदाहरणातून स्पष्ट होईल.

१२/
एक झोपाळा दोघे जण हलवत आहेत. एक जरा आधी ढकलतो, दुसरा किंचित नंतर. झोपाळ्याची लय दोघांच्या मध्ये कुठेतरी ठरते. पण ज्याचा धक्का जोरदार, त्याच्या वेळेकडे ती झुकते. डाव्या कानात डाव्या स्पीकरचा जोरदार ‘धक्का’ आधी येतो, उजव्याचा क्षीण धक्का नंतर. म्हणून तिथली एकत्रित लहर लवकरच्या बाजूला झुकते. उजव्या कानात क्षीण धक्का आधी आणि जोरदार धक्का नंतर, म्हणून तिथली लहर उशिराच्या बाजूला झुकते. डावा कान पुढे, उजवा मागे. मेंदू लगेच म्हणतो : आवाज डावीकडून आला.

१३/
याचा अर्थ असा, की स्पीकरांमधला लहान-मोठेपणाचा फरक कानांपाशी वेळेच्या फरकात बदलतो. आणि उलट, स्पीकरांना फक्त वेळेचा फरक दिला तर कानांपाशी तो किरकोळ लहान-मोठेपणाचा फरक होऊन बसतो. सहाव्या भागातली साधी युक्ती याच कारणाने फसत होती. तेव्हा मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्या मध्ये एक रूपांतर हवे : मायक्रोफोनांनी टिपलेला वेळेचा फरक स्पीकरांपर्यंत पोहोचण्याआधी लहान-मोठेपणाच्या फरकात बदलायला हवा. या प्रक्रियेला पुढे ‘शफलिंग’ असे नाव रूढ झाले.

१४/
शफलिंगची रीत प्राथमिक शाळेतल्या गणिताएवढी साधी आहे. डावा आणि उजवा असे दोन संकेत घ्यायचे. त्यांची एकदा बेरीज करायची, एकदा वजाबाकी. बेरजेत दोघांत जे समान आहे ते येते. वजाबाकीत फक्त जे वेगळे आहे ते उरते. आता वजाबाकीच्या संकेतावर हवी ती प्रक्रिया करायची. मग पुन्हा बेरीज आणि वजाबाकी करायची, की डावा-उजवा परत मिळतो. परंतु त्यांच्यातला फरक आता आपल्या हातात आलेला असतो.

१५/
आकडे घालून पाहू. डावा ५, उजवा ३. बेरीज ८, वजाबाकी २. दोन्ही निम्मे केले की ४ आणि १. पुन्हा जोडले तर ४ + १ = ५ आणि ४ − १ = ३ : मूळ जोडी जशीच्या तशी परतली. आता मधल्या टप्प्यावर तो १ दुप्पट करून २ केला, तर ४ + २ = ६ आणि ४ − २ = २. डावा-उजव्यातला फरक २ होता, तो ४ झाला. श्रोत्याला आवाज आणखी डावीकडे सरकल्यासारखा वाटतो. उलट तो १ शून्य केला, तर दोन्हीकडे ४ आणि आवाज थेट मध्यभागी.

१६/
मायक्रोफोन जवळजवळ असतील, तर खालच्या पट्टीत वजाबाकीचा संकेत फार क्षीण येतो आणि बेरजेच्या मानाने तो लहरीच्या पाव फेरीने सरकलेला असतो. म्हणून ब्लमलाइन यांच्या परिपथात वजाबाकीचा संकेत पाव फेरीने वळवून पुन्हा जुळवला जाई आणि त्यातला खालच्या पट्टीचा भाग अधिक वाढवला जाई. हे सगळे अ‍ॅनालॉग, म्हणजे सलग वाहत्या विद्युत दाबावरच. बेरीज-वजाबाकीसाठी ट्रान्स्फॉर्मरची वेटोळी, पट्टीनुसार फेरफार करण्यासाठी कॉइल आणि कपॅसिटर, ताकद वाढवण्यासाठी काचेचे व्हॉल्व्ह. संगणक नाही, आकडे नाहीत. तारेतून जाताजाताच गणित होत असे.

१७/
त्याच पेटंटात दुसरा मार्गही आहे. दोन मायक्रोफोन एकमेकांपासून दूर न ठेवता अगदी एकाच जागी, पण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवायचे. ते पुढून आणि मागून ऐकतात, बाजूने ऐकत नाहीत, अशा जातीचे असावेत आणि एकमेकांशी ९० अंशांचा कोन करावेत. जागा एकच असल्याने वेळेचा फरक उरतच नाही. डावीकडचा आवाज एकात मोठा आणि दुसऱ्यात लहान, एवढाच फरक मिळतो. स्पीकरांना हवा तोच फरक. ध्वनिमुद्रण करणारे आजही या मांडणीला ‘ब्लमलाइन जोडी’ म्हणतात.

१८/
यानंतर प्रयोग सुरू झाले. डिसेंबर १९३३ मध्ये हेज येथे चाचणीच्या तबकड्या कोरल्या गेल्या. त्यांत माणसे चालता चालता बोलत आहेत, एवढेच. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम हे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम घेत होते. ब्लमलाइन यांच्या चमूने ती दोन वाहिन्यांत मुद्रित केली. १९३५ साली हेजच्या रेल्वे स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांचा सुमारे पाच मिनिटांचा बोलपट तयार झाला. त्यात गाडी जिकडे जाते तिकडेच तिचा आवाज जातो. चित्रपटगृहात खटकलेली विसंगती मिटली होती.

१९/
त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे बेल लॅबोरेटरीज वेगळ्या वाटेने जात होती. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि तो वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तीन स्वतंत्र वाहिन्यांतून, तीन स्पीकरसमूहांवर ऐकवला जात होता. नियंत्रणाच्या कळांशी स्वतः संगीत-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की बसले होते. मोठ्या सभागृहात ही रीत उत्तम चालली. परंतु तिची मदार वाहिन्या वाढवण्यावर होती. घरातल्या एका खोलीत, एका तबकडीवरून, दोनच स्पीकरांनी काम भागवायचे असेल, तर ब्लमलाइन यांचाच विचार लागत होता.

२०/
तरीही ईएमआयने हे काम पुढे नेले नाही. मंदीचा काळ होता. लाखेच्या तबकडीचा खरखराट मोठा होता आणि एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटे मावत. दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर विकत घेणारा ग्राहक दिसत नव्हता. शिवाय संस्थेपुढे दूरचित्रवाणीचे मोठे काम उभे होते आणि ब्लमलाइन यांना त्या कामावर घेण्यात आले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली, तिच्या ४०५ रेषांच्या प्रणालीत त्यांच्या परिपथांचा मोठा वाटा होता. स्टिरिओच्या तबकड्या कपाटात गेल्या.

२१/
मग महायुद्ध आले. ब्लमलाइन रडारच्या कामाला लागले. ढगांखालच्या जमिनीचा नकाशा विमानात बसून पाहता यावा, यासाठी ‘एच टू एस’ नावाचे रडार घडवले जात होते. ७ जून १९४२ रोजी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे बाँबफेकी विमान उडाले. इंजिनला आग लागून ते हेरेफर्डशायरमधील वेल्श बिकनरजवळ कोसळले. विमानातले अकराही जण ठार झाले; त्यात ईएमआयचे तीन अभियंते होते आणि त्यांपैकी एक ब्लमलाइन. वय ३८. काम गुप्त असल्याने युद्धकाळात त्यांच्या मृत्यूची जाहीर वाच्यता झाली नाही. त्यांच्या नावावर तेव्हा १२८ पेटंटे होती.

२२/
स्टिरिओची वेळ १९५० च्या दशकात आली. विनाइलची लाँग-प्ले तबकडी आली होती, खरखर घटली होती, चुंबकीय फीत आली होती. १९५५ साली ईएमआयने ‘स्टिरिओसॉनिक’ नावाने स्टिरिओ फिती विक्रीस आणल्या. १९५७ साली अमेरिकेतल्या वेस्ट्रेक्स कंपनीने एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, ४५-४५ अंशांत, दोन वाहिन्या कोरणारी तबकडी दाखवली आणि १९५८ पासून जगभर तीच पद्धत रूढ झाली. खाचेची ही रचना ब्लमलाइन यांच्या पेटंटात होती. पेटंटाची मुदत मात्र तोवर उलटून गेली होती.

२३/
या खाचेतही तीच बेरीज-वजाबाकी लपलेली आहे. सुई आडवी हलते तेव्हा ती डावा-उजव्याची बेरीज वाचत असते आणि वर-खाली हलते तेव्हा वजाबाकी. रेडिओनेही हाच मार्ग धरला. १ जून १९६१ पासून अमेरिकेत एफएम स्टिरिओ प्रसारण सुरू झाले, त्यात बेरीज नेहमीच्या जागी आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर पाठवली जाते. जुन्या, एका स्पीकरच्या रेडिओला फक्त बेरीज कळते, म्हणजे संपूर्ण गाणे. नवा रेडिओ वजाबाकीही घेतो आणि दोन्ही वाहिन्या उलगडतो. जुन्या संचाचा मालक वंचित राहिला नाही, याचे श्रेय या रचनेला जाते.

२४/
याच दशकात कथेत एक भारतीय नाव येते. बिष्णू अटल : जन्म कानपूरचा, शिक्षण लखनौ विद्यापीठ आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. १९६१ साली ते बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले. मोबाइल फोनवरच्या संभाषणामागील ध्वनिसंकोचनाच्या पायाभूत कामामुळे पुढे त्यांचे नाव झाले. परंतु त्याआधी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्यासोबत त्यांनी स्पीकरांचा जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. ब्लमलाइन यांनी दोन आगंतुक वाटा वापरून घेतल्या होत्या. अटल आणि श्रोडर यांनी विचारले : त्या वाटा बंदच करता येतील का?

२५/
उत्तर पुन्हा वजाबाकीत सापडले. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानात झिरपतो. तो नेमका पोहोचण्याच्या क्षणी उजव्या स्पीकरमधून त्याचीच उलटी, किंचित क्षीण, किंचित उशिराची प्रत सोडायची. दोन्ही लहरी उजव्या कानापाशी एकमेकींना पुसून टाकतात. परंतु ही उलटी प्रत डाव्या कानातही झिरपते, म्हणून तिला पुसण्यासाठी डावीकडून आणखी एक प्रत, मग तिला पुसण्यासाठी आणखी एक. प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीहून क्षीण, म्हणून ही साखळी लवकरच नगण्य होते. या रचनेचे अमेरिकी पेटंट १९६६ साली मंजूर झाले.

२६/
प्रतिध्वनी शोषून घेणाऱ्या खोलीत हा प्रयोग ऐकणाऱ्यांना दोन्ही स्पीकर समोर असतानाही आवाज थेट बाजूने आल्यासारखा वाटे. हेडफोनची सोय स्पीकरांवर अवतरली होती. मात्र तिला अट होती. सगळे गणित डोक्याच्या एका विशिष्ट जागेसाठी केलेले असे. श्रोता थोडा बाजूला सरकला की पुसणाऱ्या लहरी चुकीच्या क्षणी पोहोचत आणि भास मोडे. घरातल्या खोलीत भिंतींवरून परतणारे आवाजही त्यात बिघाड करत. एकाच खुर्चीतल्या एकाच श्रोत्यासाठी ही रीत अप्रतिम होती; कुटुंबासाठी नव्हे.

२७/
संशोधनात मात्र तिचा मोठा उपयोग झाला. १९७४ साली श्रोडर आणि त्यांच्या ग्योटिंगेन येथील सहकाऱ्यांनी युरोपातल्या संगीतगृहांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक सभागृहात एकच ध्वनिमुद्रण वाजवले, माणसाच्या डोक्यासारख्या पुतळ्याच्या कानांतील मायक्रोफोनांनी ते टिपले आणि प्रयोगशाळेत स्पीकरांवर याच रीतीने ऐकवले. श्रोते क्षणात एका सभागृहातून दुसऱ्यात ‘जाऊन’ पसंती सांगू शकत. दोन्ही कानांत वेगळेपणा अधिक ठेवणारी, म्हणजे बाजूच्या भिंतींवरून आवाज देणारी अरुंद सभागृहे लोकांना आवडली. त्यासाठी निवडलेले संगीत होते मोझार्टच्या ‘ज्युपिटर’मधले, १९३४ साली अ‍ॅबी रोडवर वाजली होती तीच सिंफनी.

२८/
घरगुती बाजारातही या कल्पना अ‍ॅनालॉग रूपातच उतरल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी ‘सोनिक होलोग्राफी’ नावाने असा परिपथ प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला. १९८० च्या दशकात पोल्क कंपनीने प्रत्येक स्पीकरपेटीत कानांच्या अंतराएवढा बाजूला दुसरा स्पीकरसंच ठेवून समोरच्या वाहिनीची उलटी प्रत त्यातून सोडली. त्याच काळातल्या अनेक टू-इन-वन टेपरेकॉर्डरांवर ‘वाइड’ असे बटण असे. दोन स्पीकरांत हातभरही अंतर नसलेल्या त्या पेटीतून आवाज पेटीबाहेर पसरल्यासारखा भासे. आत घडत होती ती पंधराव्या भागातलीच क्रिया : वजाबाकीचा संकेत वाढवणे.

२९/
या बटणाची किंमतही त्याच गणितात लिहिलेली आहे. मुख्य गायकाचा आवाज बहुधा दोन्ही वाहिन्यांत समान असतो, म्हणून तो फक्त बेरजेत राहतो. वजाबाकीत तो नाहीसा होतो. वजाबाकी फार वाढवली, की वाद्ये आणि घुमारा पुढे येतो, गायक मागे पडतो. फक्त वजाबाकीच ऐकली, तर गाणे जवळपास गायकाविना उरते. गायनाच्या सरावासाठी आवाज काढून टाकणारी जुनी यंत्रे हीच युक्ती वापरत. मधल्या रिकाम्या जागेत ऐकू येणारी गायिका म्हणजे दोन वाहिन्यांतला समान भाग, एवढेच तिचे खरे ठिकाण.

३०/
उलटी गरजही कुणाला तरी जाणवली होती. स्पीकरांसाठी केलेले मुद्रण हेडफोनवर ऐकले, तर आवाज डोक्याच्या आत, कानांपाशी चिकटल्यासारखे वाटतात; कारण दोन आगंतुक वाटा तिथे नसतात. १९६१ साली सीबीएस लॅबोरेटरीजच्या बेन बॉवर यांनी साध्या परिपथाने त्या वाटा हेडफोनमध्ये मुद्दाम निर्माण केल्या : डाव्याचा थोडा आवाज, किंचित उशिराने, उजव्या कानात. अटल आणि श्रोडर जे पुसत होते, तेच बॉवर जोडत होते. दोघांच्याही मुळाशी ब्लमलाइन यांचे निरीक्षण होते, की स्पीकर आणि हेडफोन ही दोन निरनिराळी जगे आहेत.

३१/
आज ही बेरीज-वजाबाकी बहुतेक ठिकाणी आकड्यांत होते. मोबाइलच्या एका चिपमध्ये व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मरांनी भरलेली ती सगळी कपाटे मावली आहेत. एमपीथ्रीसारख्या संकोचन पद्धतीतही जागा वाचवण्यासाठी डावा-उजव्याऐवजी बेरीज-वजाबाकी साठवण्याची सोय आहे. साधन बदलले, रीत १९३१ सालचीच राहिली.

३२/
ब्लमलाइन यांची जाहीर दखल घ्यायला जगाला बराच वेळ लागला. १९७७ साली लंडनमधील ईलिंग इथल्या त्यांच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. २०१५ साली अ‍ॅबी रोड स्टुडिओत आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने स्टिरिओच्या शोधाची पाटी बसवली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी देण्यात आले. स्वतःच्या पद्धतीने कोरलेली एकही तबकडी दुकानात विकली गेलेली त्यांनी पाहिली नाही. हेज स्थानकावरच्या त्या गाड्या मात्र आजही ऐकता येतात. दोन स्पीकरांच्या मधोमध बसून डोळे मिटले, की १९३५ सालची गाडी समोरून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, निघून जाते.